अठरा पानी ब्रेन मॅप, कामाची पानं चार

घोडबंदर रोड, नौपाडा, वाशी, नेरुळ, खारघर. बालविकास केंद्रांच्या पाट्यांवर स्पीच थेरपी आणि ओटी, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी, यांच्या खाली हल्ली आणखी एक ओळ असते: ‘ब्रेन मॅपिंग’. कुठे तिला ‘क्यूईईजी’ म्हणतात, कुठे ‘ब्रेन नेटवर्क ॲनालिसिस’. ईईजी म्हणजे टाळूवरून टिपलेल्या मेंदूच्या विद्युत लहरी, आणि संगणकाने त्यांचं केलेलं मोजमाप म्हणजे क्यूईईजी. तीन वर्षांचं मूल बोलत नाही, हाक मारली तर वळून बघत नाही. घरातले म्हणतात, ‘मुलगे उशिराच बोलतात, याचे बाबाही असेच होते.’ शाळा म्हणते, तपासून घ्या. आणि ही पाटी म्हणते, मेंदूचा नकाशा काढून ऑटिझमच्या खुणा दाखवतो. पालक कुठे वळणार हे उघडच आहे.

हे परीक्षण घोडबंदर रोडलगतच्या अशाच एका केंद्रातल्या सेवेचं आहे. नाव देत नाही, कारण प्रश्न एका दुकानाचा नाही. याच साच्याचा रिपोर्ट खाडीच्या दोन्ही बाजूंना मिळतो. दर ९,५०० रुपये. त्यात रेकॉर्डिंग, १८ पानांचा रंगीत रिपोर्ट आणि अर्ध्या तासाची समजावणी. न्यूरोफीडबॅकच्या, म्हणजे आपल्याच मेंदूलहरी पडद्यावर बघून त्या बदलण्याच्या सरावाच्या, ४० सेशन्सचं पॅकेज त्याच बैठकीत पुढे सरकवलं जातं, त्याचे पैसे वेगळे.

निकाल आधीच सांगतो. रेकॉर्डिंगला पाचपैकी चार. न्यूरोलॉजिस्टने डोळ्यांनी वाचलेल्या ईईजीलाही चार. नेटवर्कच्या रंगीत पानांना, निदानाचं साधन म्हणून, शून्य. ती पानं खोटी आहेत असं नाही. त्यांच्याकडून जे काम करून घेतलं जातंय, ते त्यांना झेपणारं नाही.

आधी चांगलं. टेक्निशियनने डोक्याचा घेर टेपने मोजून टोपी निवडली. हे किरकोळ वाटतं, पण अनेक ठिकाणी एकच मधली साइज सगळ्यांच्या डोक्यावर चढवतात. टोपीत १९ इलेक्ट्रोड असतात आणि दोन कानांना दोन क्लिपा. नाकाचं मूळ आणि डोक्यामागचा हाडाचा उंचवटा यांच्यातलं अंतर १० आणि २० टक्क्यांच्या टप्प्यांत विभागून प्रत्येकाची जागा ठरते, म्हणून या पद्धतीचं नावच टेन-ट्वेंटी. टोपी दोन सेंटीमीटर पुढे सरकली, तर कपाळाजवळचे इलेक्ट्रोड डोळ्यांच्या आणखी जवळ येतात आणि पापण्यांची उघडझाप मेंदूच्या लहरींपेक्षा मोठी दिसायला लागते.

इम्पिडन्स, म्हणजे कातडी आणि इलेक्ट्रोडमधला विद्युत अडथळा, प्रत्येक जागी ५ किलोओहमच्या खाली आणल्याशिवाय रेकॉर्डिंग सुरू केलं नाही. इथे आपल्याकडचा नेहमीचा शत्रू म्हणजे तेल. आदल्या रात्री आजीने खोबरेल चोपडलेलं असेल, तर टेक्निशियन वीस मिनिटं टाळू घासत बसतो, मूल रडतं, आणि रडणाऱ्या मुलाच्या कपाळाचे नि जबड्याचे स्नायू पुढचं सगळं रेकॉर्डिंग खातात. आदल्या रात्री शाम्पूने केस धुवा, कंडिशनर नको, सकाळी तेल नको. केंद्र हे फोनवर सांगतं, पण आईला. तेल लावणारी व्यक्ती घरात बहुतेक वेळा दुसरी असते.

दुसरा शत्रू दमट हवा. मे महिन्यात ठाण्यात घामाने टाळू ओली झाली की लहरींची रेघ सावकाश वरखाली डोलायला लागते. हा डोल बघून नवखा माणूस डेल्टा, म्हणजे सगळ्यात संथ लहरी, वाढल्या म्हणेल. घाम आणि भसाभस ओतलेलं जेल एकत्र झालं तर आणखी वाईट: दोन शेजारच्या इलेक्ट्रोडमध्ये खारट पाण्याचा पूल तयार होतो. मग दोघांवर एकच सिग्नल येतो आणि सॉफ्टवेअर छापतं, ‘या दोन भागांमध्ये अतिजोडणी’. जोडणी असते, पण जेलची. इथे एसी नीट चालतो आणि जेल सिरिंजने थेंबभरच घालतात. गुण दिले.

मुलाच्या तयारीबाबत मात्र केंद्र कमी पडतं. ज्या मुलाला शर्टाचा टॅगसुद्धा टोचतो, त्याच्या हनुवटीखाली पट्टा आवळून डोक्यात गार चिकट जेल भरायचं, तर आठवडाभर आधी घरी सराव हवा. माकडटोपी किंवा पोहण्याची घट्ट टोपी पहिल्या दिवशी दहा सेकंद, मग अर्धा मिनिट, मग आवडत्या गाण्याएवढा वेळ. केसांत बोटाने थोडं कोरफडीचं जेल. कानाला कपड्याचा हलका चिमटा, आधी बाबांच्या, मग मुलाच्या. हे एका पानावर छापून बुकिंगच्या वेळी दिलं, तर परत बोलावण्याच्या निम्म्या खेपा वाचतील. त्याऐवजी मिळतो तो व्हॉट्सॲपवर लोकेशन आणि ‘प्लीज कम १५ मिनिट्स अर्ली’.

मूल बसावं म्हणून समोर टॅबवर कार्टून लावतात. माणुसकी म्हणून ठीक आहे. पण रिपोर्टची तुलना ज्या सर्वसामान्य मुलांच्या आकड्यांशी होते, ते डोळे मिटून किंवा समोर एकटक बघत शांत बसलेले असताना घेतलेले असतात. डोळे उघडून पडद्यावर काही पाहिलं की डोक्याच्या मागच्या बाजूची अल्फा लय, म्हणजे डोळे मिटून शांत बसल्यावर उठणारी लय, दबते. मुलाने कार्टून पाहिलं आणि रिपोर्टने छापलं ‘अल्फा कमी’. तसंच झोपेचं. झोपलेल्या मेंदूचं जाळं जागेपणीच्या जाळ्यासारखं नसतं. गुंगीचं सिरप देऊन केलेलं रेकॉर्डिंग झटक्याची लक्षणं शोधायला चालतं, किंबहुना झोपेतला ईईजी त्यासाठी जास्त उपयोगी. पण त्यावर नेटवर्कचं गणित चालवून ते जागेपणीच्या तक्त्याशी ताडायचं, म्हणजे भिजलेल्या मुलाचं वजन कोरड्या मुलाच्या तक्त्याशी जुळवण्यासारखं. आणि गुंगीचं औषध कुठलं, किती, हे डॉक्टरच ठरवणार. काउंटरवरून हातात दिलेली बाटली घेऊ नका.

आता रिपोर्ट. पहिल्या पानावर नाव, वय, औषधं. औषधांचा रकाना रिकामा सोडला जातो आणि हा मोठा दोष आहे. क्लोबाझामसारखं झटक्यांवरचं औषध चालू असेल तर बीटा या वेगवान लहरी वाढतात. ते माहीत नसलेलं सॉफ्टवेअर वाढलेल्या बीटाला ‘ॲन्झायटी पॅटर्न’ म्हणून मोकळं होतं. दुसऱ्या-तिसऱ्या पानावर कच्च्या लहरींचे तुकडे आणि चौथ्यावर न्यूरोलॉजिस्टची सही असलेला अभिप्राय: पार्श्वलय, म्हणजे लहरींची मूळ लय, वयाला साजेशी आहे का, तीक्ष्ण लहरी आहेत का, असल्या तर कुठे. कामाची चार पानं ती हीच. अमेरिकन ॲकॅडमी ऑफ न्यूरॉलॉजीने १९९७ सालीच बजावलं होतं की संगणकी ईईजी हा तज्ज्ञाने डोळ्यांनी वाचलेल्या ईईजीच्या जोडीनेच वापरावा, त्याच्या जागी नव्हे. समजावणीच्या अर्ध्या तासात या चार पानांना तीन मिनिटं मिळतात. उरलेला वेळ रंगांचा.

पाच ते नऊ या पानांवर डोक्याची गोल चित्रं, लाल-पिवळी-हिरवी-निळी. डेल्टा, थीटा, अल्फा, बीटा, प्रत्येकाची ताकद. इथला ठळक घोटाळा वयाचा. मोठ्यांत ८ ते १३ हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ८ ते १३ लहरींना, अल्फा म्हणतात. पण मुलाची डोक्यामागची लय वयाबरोबर वाढते: वर्षाच्या बाळात ती साधारण ६ हर्ट्झ, तिसऱ्या वर्षी ८, दहाव्याच्या आसपास १०. अडीच वर्षांच्या निरोगी मुलाची लय ७ हर्ट्झवर असेल, तर मोठ्यांचा पट्टा वापरणारं सॉफ्टवेअर ती थीटात, म्हणजे अल्फाहून संथ पट्ट्यात, मोजतं आणि कपाळावर शिक्का पडतो, ‘थीटा एक्सेस’. रिपोर्टमध्ये पट्ट्यांच्या सीमा वयानुसार बदलल्यात का, हे बारीक अक्षरांतल्या तळटीपेत असतं. आधी ती वाचा.

आणि मग दहा ते पंधरा. मुख्य आकर्षण. डोक्याच्या आकृतीवर १९ ठिपके आणि त्यांच्यामधल्या लाल-निळ्या रेघा. लाल म्हणजे जोडणी जास्त, निळी म्हणजे कमी. खाली ‘क्लस्टरिंग कोएफिशंट’, ‘पाथ लेंथ’, ‘स्मॉल वर्ल्ड इंडेक्स’, आणि शेवटी एक तबकडी, तिचा काटा ‘ऑटिझम पॅटर्न’कडे कललेला. पालकांचे डोळे तिथेच खिळतात, त्यामुळे इथे जरा थांबू.

कल्पना मुळात चुकीची नाही. मेंदूचे भाग म्हणजे स्टेशनं, त्यांच्यातला ताळमेळ म्हणजे रूळ. ठाणे स्टेशनात मध्य रेल्वे आणि ट्रान्सहार्बर एकत्र येतात म्हणून ते मोठं जंक्शन. तसे मेंदूतही हब असतात. जवळची स्टेशनं आपसात किती जोडलेली, ते क्लस्टरिंग. एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायला सरासरी किती टप्पे, ती पाथ लेंथ. वॉट्स आणि स्ट्रोगॅट्झ यांनी १९९८ साली दाखवलं की घट्ट स्थानिक गट आणि मोजक्या लांबच्या उड्या असं दोन्ही असलेली जाळी निसर्गात जागोजागी आढळतात. तीच स्मॉल वर्ल्ड. मेंदूही तसाच. ऑटिझममध्ये लांबच्या जोडण्या कमी आणि जवळच्या जास्त असाव्यात, हा अंदाज २००४ पासून संशोधनात फिरतोय.

अडचण मोजण्यात आहे. १९ ठिपक्यांतून जोड्या होतात १७१. पाच लहरपट्टे धरले तर ८५५ आकडे. रिपोर्ट म्हणतो, सरासरीपासून जवळपास दोन प्रमाण विचलनं दूर गेलेला आकडा रंगवला आहे, म्हणजे वरचे-खालचे मिळून पाच टक्के. ८५५ चे पाच टक्के म्हणजे ४३. अगदी ठणठणीत मुलाच्या नकाशावरही नुसत्या योगायोगाने चाळीस-पंचेचाळीस रेघा रंगतील, आणि शेजारशेजारचे आकडे एकमेकांत गुंतलेले असल्याने त्या गुच्छांत दिसतील, म्हणजे अधिकच खऱ्या वाटतील. इतक्या तुलना एकदम करताना जी दुरुस्ती लावायची असते, ती लावल्याचा रिपोर्टमध्ये उल्लेख नाही. समजावणाऱ्या व्यक्तीला विचारलं तर उत्तर येतं, ‘सॉफ्टवेअरमध्ये असतं ते.’

पुढचं कवटीचं. मेंदूतला एकच स्रोत कवटी आणि कातडीतून पसरत पाच-सहा इलेक्ट्रोडपर्यंत पोचतो, जसं एका मंडपाचा लाउडस्पीकर चार सोसायट्यांत ऐकू येतो. चारही खिडक्यांत एकच गाणं वाजतंय म्हणजे चार घरं एकमेकांशी बोलतायत असं होत नाही. साधा कोहिरन्स, म्हणजे दोन सिग्नल किती ताळमेळाने हलतात याचं माप, हा फरक करत नाही. त्यासाठी कोहिरन्सीचा काल्पनिक भाग, २००७ साली आलेला फेज लॅग इंडेक्स, २०११ चा त्याचा भारित प्रकार, अशी मापं आहेत. ती एकाच क्षणी सगळीकडे पोचणारा सिग्नल बाजूला टाकतात. या रिपोर्टमध्ये साधा कोहिरन्सच आहे, तोही दोन्ही कान जोडून घेतलेल्या संदर्भावर, म्हणजे ज्या बिंदूच्या तुलनेत बाकीचे इलेक्ट्रोड मोजतात त्यावर. कानाजवळचा टेम्पोरल भाग गप्प नसतो. त्याचा सिग्नल संदर्भात शिरला की तो सगळ्याच इलेक्ट्रोडवर थोडाथोडा छापला जातो आणि सगळीकडे ‘जोडणी’ दिसते.

तिसरी गोष्ट वेळेची, आणि ऑटिझम असलेल्या मुलांच्या बाबतीत हीच सगळ्यात दगा देते. तीस मिनिटांच्या रेकॉर्डिंगमधून हालचाल, पापण्या, दात खाणं, रडणं कापून टाकल्यावर स्वच्छ माल किती उरला? शांत बसणाऱ्या मुलाचा दोन-तीन मिनिटं, चुळबुळ्या मुलाचा वीस सेकंद. कोहिरन्स काढताना रेकॉर्डिंगचे दोन-दोन सेकंदांचे तुकडे करतात. वीस सेकंदांचे दहा तुकडे. दोन सिग्नलांचा एकमेकांशी काडीचा संबंध नसला, तरी दहा तुकड्यांत त्यांचा कोहिरन्स सरासरी एक दशांश, म्हणजे ०.१ येतो. साठ तुकडे असतील तर तोच ०.०२ च्याही खाली जातो. म्हणजे मूल जितकं जास्त हलेल, तितका माल कमी आणि तितकी ‘अतिजोडणी’ जास्त. नकाशा मेंदूपेक्षा खुर्चीतली चुळबुळ मोजतोय. स्वच्छ सेकंद किती वापरले हा आकडा रिपोर्टच्या अकराव्या पानाच्या कोपऱ्यात, जेमतेम वाचता येईल अशा अक्षरांत असतो. साठच्या खाली असेल तर पुढची पानं उलटूच नका.

शेवटी ती पाथ लेंथ. रेघांचं जाळं करताना कुठल्या जोड्या ठेवायच्या, त्यासाठी उंबरठा लागतो. इथे ‘सर्वांत बळकट १० टक्के’ ठेवल्यात. १७१ चे दहा टक्के म्हणजे १७ रेघा. पण १९ ठिपके एका जाळ्यात अखंड जोडायला किमान १८ रेघा लागतात. १७ रेघांत एखादा तरी ठिपका किंवा ठिपक्यांचा गट सुटाच राहणार, आणि सुट्या ठिपक्यापर्यंतचं अंतर अनंत. तरीही रिपोर्टवर दोन दशांश स्थळांपर्यंत पाथ लेंथ छापलेली आहे. सॉफ्टवेअरने सुटे ठिपके गुपचूप वगळले असणार. उंबरठा २० टक्के केला तर आकडा बदलतो आणि त्याबरोबर तबकडीचा काटाही हलतो. ज्या खुणेचं स्थान एका सेटिंगवर अवलंबून आहे, ती मुलाची खूण कशी म्हणायची?

समजावणीत ‘एमआरआय रिसर्चने सिद्ध झालंय’ असं वाक्य येतं, त्याबद्दलही. संशोधन खरं आहे आणि जोरात चालू आहे. २०१२ साली खुला झालेला अबाइड हा एफएमआरआयचा, म्हणजे मेंदूचं काम टिपणाऱ्या एमआरआयचा, संग्रह त्याचा मोठा आधार: १७ ठिकाणांहून आलेल्या १,११२ व्यक्ती, त्यांपैकी ५३९ ऑटिझम असलेल्या. वय ७ वर्षांच्या पुढचं, मुलगे बहुसंख्य, केंद्रं अमेरिका-युरोपातली. अडीच वर्षांची मानपाड्याची मुलगी त्या आकडेवारीत कुठेच बसत नाही. या संग्रहावर २०१८ साली डीप लर्निंग, म्हणजे नमुने ओळखायला शिकणारं संगणकी तंत्र, चालवून, मेंदूच्या २०० भागांमधल्या १९,९०० जोडण्या बघून, अचूकता आली सुमारे ७० टक्के. नाणं उडवून ५० मिळाले असते. शिवाय २०१२ मध्येच लक्षात आलं होतं की स्कॅनरमध्ये डोकं अगदी थोडं हललं तरी लांबच्या जोडण्या कमी आणि जवळच्या जास्त दिसायला लागतात. म्हणजे ऑटिझमची म्हणून सांगितली जाणारी नेमकी तीच नक्षी. त्यानंतरच्या अभ्यासांना हालचालीचा हिशेब द्यावा लागला आणि आधीचे बरेच ठाम निष्कर्ष मऊ झाले.

आशादायक कामही आहे. २०१७ मध्ये ऑटिझम असलेल्या भावंडांच्या पाठीवर जन्मलेल्या ५९ बाळांचा सहाव्या महिन्यात झोपेत एफएमआरआय केला गेला. पुढे त्यांतल्या ११ बाळांना ऑटिझम निघाला आणि जोडण्यांच्या नमुन्यावरून त्यांतली ९ ओळखता आली, बाकीची ४८ चुकीने पकडली गेली नाहीत. वाचून कुणालाही हुरूप येईल. पण ११ म्हणजे ११. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामकाने, २०१९ मध्ये ऑटिझमसाठी ईईजीची एक खूण पात्रता कार्यक्रमात घेतली, तीही चेहरा पाहिल्यावर उठणाऱ्या एन-१७० या लहरीला लागणारा वेळ. तिचं काम औषधचाचण्यांत गट पाडणं. निदान नाही.

सत्तर टक्क्यांचा अर्थ घरच्या हिशेबात बघू. समजा चाचणी दोन्ही बाजूंनी ७० टक्के बरोबर आहे. एखाद्या शाळेच्या शिबिरात १,००० मुलं तपासली आणि शंभरात एक या प्रमाणात त्यांत १० जणांना ऑटिझम आहे. चाचणी ७ जणांना पकडेल, ३ सुटतील. उरलेल्या ९९० पैकी २९७ जणांनाही ती ‘ऑटिझम पॅटर्न’ म्हणेल. म्हणजे ३०४ घाबरलेली घरं, त्यांतली ७ खरी. शाळांत ‘ब्रेन मॅपिंग कॅम्प’ लावण्याचे प्रस्ताव घेऊन येणाऱ्यांना एवढंच गणित फळ्यावर करून दाखवायला सांगावं. उलट बाजू तितकीच वाईट: काटा हिरव्यात आला म्हणून ‘काही नाही, बघा’ असं म्हणत थेरपी वर्षभर लांबवणारे पालक असतात. त्या तीन सुटलेल्यांचं नुकसान २९७ जणांच्या घबराटीपेक्षा मोठं असू शकतं.

निदान आजही वागणं पाहूनच होतं. डेव्हलपमेंटल पीडियाट्रिशियन किंवा बालमानसतज्ज्ञ आईवडिलांशी सविस्तर बोलतात, मुलाबरोबर खेळतात, डीएसएम-५ या मानसिक विकारांच्या निदानपुस्तिकेच्या निकषांवर ताडतात. १६ ते ३० महिन्यांच्या वयात एम-चॅट या पालकांसाठीच्या प्रश्नावलीचे २० प्रश्न चाळणीला पुरतात. अपंगत्व प्रमाणपत्रासाठी आपल्याकडे इसा ही भारतीय मोजपट्टी आहे: ४० बाबी, प्रत्येकीला १ ते ५ गुण. ७० च्या खाली ऑटिझम नाही, ७० ते १०६ सौम्य, १०७ ते १५३ मध्यम, त्यावर तीव्र. यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे अपंगत्वाच्या ओळखपत्रासाठी, वैद्यकीय बोर्डासमोर जाताना रंगीत नकाशाचं बाड घेऊन जाणारे पालक दिसतात. तिथे इसाचे गुण मोजले जातात, नकाशा नाही.

आणि सगळ्याच्या आधी कान. न बोलणाऱ्या मुलाची बेरा ही श्रवणचाचणी झाल्याशिवाय मेंदूच्या जाळ्यावर एक रुपया खर्च करू नये. नीट ऐकू न येणारं मूलही हाकेला वळत नाही. वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत ती होते. नवी मुंबईकरांसाठी पालिकेचं वाशीतलं इटीसी हे अपंगांसाठीचं केंद्र हाकेच्या अंतरावर आहे, मार्गदर्शन तिथूनच सुरू करावं. ९,५०० रुपयांत यातलं बरंच काही बसतं आणि थेरपीचे सुरुवातीचे काही आठवडेही.

मग ईईजी करायचाच नाही का? करायचा, पण कारण असेल तेव्हा. मूल मध्येच काही सेकंद शून्यात बघतं आणि खांदा हलवला तरी भानावर येत नाही. झोपेत झटके येतात. चांगलं बोलणारं मूल तीन ते सात वर्षांच्या दरम्यान बोलणं विसरत चाललंय, ओळखीचे शब्दही समजेनासे झालेत. १९५७ साली वर्णन झालेला लँडो-क्लेफनर सिंड्रोम असाच दिसतो आणि तो झोपेतल्या ईईजीत पकडला जातो. ऑटिझम असलेल्या मुलांत अपस्माराचं प्रमाण इतरांपेक्षा बरंच जास्त असतं, त्यामुळे शंका आली तर टाळाटाळ नको. अशा वेळी मागायचा तो झोपेसहित साधा किंवा व्हिडिओ ईईजी, आणि वाचायला न्यूरोलॉजिस्ट. नकाशा लागत नाही.

सोळा ते अठरा पानांवर ‘ट्रेनिंग प्रोटोकॉल’: कुठल्या ठिपक्यावर कुठली लहर वाढवायची, कुठली कमी करायची. वीस सेकंदांच्या मालातून निघालेल्या, उंबरठ्याबरोबर हलणाऱ्या रेघांवर ४० सेशन्स बेतलेली. सेशनला १,२०० रुपये, म्हणजे ४८,०००. ऑटिझमसाठी न्यूरोफीडबॅकचा पुरावा तोकडा आहे. आणि आठवड्याला दोन खेपा करताना ज्या स्पीच नि ओटीच्या वेळा हुकतात, त्यांचा हिशेब पॅकेजच्या कागदावर नसतो. सेशन्स संपल्यावर दुसरा नकाशा काढून ‘सुधारणा’ दाखवतात. त्याच मुलाचं पुढच्याच आठवड्यात काहीही न करता पुन्हा रेकॉर्डिंग केलं तरी रंग बदलतील, तेव्हा पहिल्याच दिवशी दोन रेकॉर्डिंग मागून पाहा. नाही म्हणतील. मागा तरी.

स्टाफ प्रेमळ आहे, पार्किंग नाही, लिफ्ट चालू होती. सकाळी दहाची वेळ घ्या. दुपारी झोपेची वेळ आणि शाळा सुटल्याचा कलकलाट दोन्ही येतात.

पैसे भरण्याआधी एक गोष्ट काउंटरवर लिहून घ्या: कच्चं रेकॉर्डिंग ईडीएफ फाइलमध्ये मिळेल का. हा १९९२ पासूनचा सर्वमान्य साचा आहे, कुठल्याही न्यूरोलॉजिस्टच्या संगणकावर उघडतो. मागितलं नाही तर नुसती रंगीत पीडीएफ येते आणि मूळ लहरी त्यांच्या सॉफ्टवेअरच्या कुलुपात राहतात. मग दुसऱ्या डॉक्टरांना शंका आली तर टोपी, जेल, रडणं, सगळं पुन्हा. पेनड्राइव्ह आपलाच न्या. त्यांच्याकडच्याचे तीनशे रुपये लावतात.